कॉलम स्टोअरमध्ये अ‍ॅरे साठवणं: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून अ‍ॅरेचं काम हातात घेतलं. आपल्या डेटाबेस एंजिनमध्ये (ते कॉलम स्टोअर आहे, म्हणजे प्रत्येक कॉलमचा डेटा वेगळा आणि सलग साठवतं) आत्तापर्यंत इंटिजर, फ्लोट, स्ट्रिंग आणि तारीख एवढेच टाइप, एका खान्यात अनेक व्हॅल्यूंची यादी (म्हणजेच अ‍ॅरे) ठेवायची सोय नाही, त्यामुळे एका इव्हेंटला चार टॅग असले की ते कॉमा लावून एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबायचे असा रिवाज पडला होता. छोट्या डेटावर चालून गेलं. आता "किती इव्हेंटला अमुक टॅग आहे" एवढं साधं विचारलं तरी प्रत्येक रोची स्ट्रिंग वाचा, फोडा, तुलना करा, फेकून द्या, म्हणजे कॉलम स्टोअर वापरून जो फायदा मिळवायचा तो इथे सगळा पाण्यात. शिवाय एका टॅगच्या आतच कॉमा निघाला आणि एकाचे दोन टॅग झाले. आणि टॅग नसतील तिथे रिकामी स्ट्रिंग लिहिलेली आहे, ती फोडली की हातात एक रिकामा टॅग येतो, शून्य टॅग नाही. म्हणजे मोजणीच चुकते.

टीममध्ये एकाने सुचवलं की टॅगचं वेगळं टेबल करू: रो नंबर, जागा, टॅग. रो-स्टोअरमध्ये (जिथे अख्खी रो एकत्र साठवतात) हेच बरोबर उत्तर असतं. पण इथे थोडा वेळ त्याच्यावर विचार केला तर गंमत दिसली. त्या वेगळ्या टेबलातला रो नंबरचा कॉलम म्हणजे ०, ०, ३, ३, ३, ४ असाच सॉर्ट केलेला असणार, आणि त्याला रन-लेंग्थ एन्कोडिंग लावलं तर "० दोनदा, ३ तीनदा, ४ एकदा" असं उरतं. म्हणजे दुसरं काय, प्रत्येक अ‍ॅरेची लांबीच! मग क्वेरीला दोन टेबलं जोडायला (जॉइन) लावण्यापेक्षा सरळ लांबीच का साठवू नये. फक्त एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवली: या यादीत १ आणि २ नंबरच्या रो गायब आहेत, कारण त्यांच्याकडे टॅगच नव्हते. रिकाम्या अ‍ॅरेला स्वतःची जागा द्यावी लागणार.

९ जानेवारी

बाकीच्या डेटाबेसनी आणि फॉरमॅटनी हे कसं सोडवलंय ते दोन दिवस वाचलं. एकच उदाहरण सगळ्यांना लावून बघितलं, नाहीतर डोक्यात गोंधळ होतो. चार रो (नल म्हणजे व्हॅल्यूच नाही, [] म्हणजे रिकामा अ‍ॅरे; रो आणि एलिमेंट शून्यापासून मोजायची):

[१०, २०]
[]
नल
[३०, नल, ५०]

अ‍ॅरोच्या पद्धतीने (मेमरीतला फॉरमॅट, २०१६ पासूनचा) व्हॅल्यू एका सलग बफरमध्ये जातात: १०, २०, ३०, –, ५०. सोबत ऑफसेट: ०, २, २, २, ५. चार रोंना पाच ऑफसेट, कारण शेवट कुठे आहे तेही लागतं. i नंबरच्या रोचा माल ऑफसेट[i] पासून ऑफसेट[i+१] च्या आधीपर्यंत. शिवाय दोन बिटमॅप (दर जागेला एक बिट, ० म्हणजे नल), एक सांगतो कुठली रो नल (१, १, ०, १) आणि दुसरा सांगतो कुठलं एलिमेंट नल (१, १, १, ०, १). वाचायला एकदम सोपं.

क्लिकहाउस हा कॉलम स्टोअर डेटाबेस मेमरीत ऑफसेटच ठेवतं पण डिस्कवर लांब्या लिहितो, अ‍ॅरेच्या एका कॉलमच्या दोन फाइल, एक साइझची आणि एक व्हॅल्यूची. ओआरसी या फाइल फॉरमॅटमध्येही लांबीची वेगळी स्ट्रीम आणि कोण हजर आहे त्याची वेगळी.

पार्के या फाइल फॉरमॅटची तऱ्हा निराळी. ती गूगलच्या २०१० च्या ड्रेमेल पेपरमधून आलेली, ट्विटर आणि क्लाउडेराने २०१३ मध्ये फॉरमॅट बाहेर काढला तेव्हापासून तशीच आहे. तिथे लांबी कुठेच लिहिलेली नसते. प्रत्येक व्हॅल्यूसोबत दोन छोटे आकडे जातात. रिपिटिशन लेव्हल सांगते की ही नवी रो आहे (०) की मागचाच अ‍ॅरे चालू आहे (१). डेफिनिशन लेव्हल सांगते की रचनेच्या झाडात किती खोलपर्यंत खरंच काहीतरी आहे: ० म्हणजे अ‍ॅरेच नल, १ म्हणजे रिकामा अ‍ॅरे, २ म्हणजे आतलं एलिमेंट नल, ३ म्हणजे खरी व्हॅल्यू. वरचं उदाहरण कागदावर केलं:

रिपिटिशन: ० १ ० ० ० १ १
डेफिनिशन: ३ ३ १ ० ३ २ ३
व्हॅल्यू: १० २० ३० ५०

एलिमेंट पाच पण लेव्हलच्या जोड्या सात, कारण रिकाम्या आणि नल रोला पण एकेक जागा द्यावी लागते. पहिल्यांदा हे कळायला मला बराच वेळ लागला पण कळल्यावर खरंच सुंदर वाटलं, दहा पातळ्या खोल डेटा असला तरी एक कॉलम उचलायचा आणि त्यातूनच सगळा आकार परत उभा राहतो, शेजारची दुसरी कुठली फाइल उघडायला नको.

पण आपल्याला ते नको असं ठरवलं. आपला डेटा एवढा खोल नाहीच, फार तर अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे. आणि आपल्याला मधलीच रो सारखी लागते. पार्केच्या पद्धतीत ५००० नंबरची रो शोधायची तर पेजच्या (फाइलमधल्या डेटाच्या एका तुकड्याच्या) सुरुवातीपासून रिपिटिशनमधली शून्यं मोजत यायचं. लांब्या आणि व्हॅल्यू वेगळ्या ठेवायच्या, हे पक्कं.

१५ जानेवारी

डिस्कवर ऑफसेट लिहायचे की लांब्या, यावर आज दिवस गेला, पण गेला ते बरं झालं.

हिशोब असा. १० लाख रो, सरासरी तीन एलिमेंट, प्रत्येक एलिमेंट ४ बाइटचा इंटिजर. व्हॅल्यू झाल्या १२० लाख बाइट. ऑफसेट ८ बाइटचे धरले तर ८० लाख बाइट. म्हणजे "कुठे सुरू, कुठे संपलं" एवढंच सांगायला मालाच्या दोन तृतीयांश जागा! आणि ऑफसेट सतत वाढतच जातात, रिकाम्या आणि नल रो सोडल्या तर एकही आकडा तसाच परत येत नाही, त्यामुळे साधा कॉम्प्रेसर त्याच्यावर फार काही करू शकत नाही. लांब्या मात्र २, ३, ३, १, ४ अशा बारक्या आणि परत परत येणाऱ्या. सगळ्या १६ च्या खाली असतील तर ४ बिटात मावतात, १० लाख रोंना ५ लाख बाइट, बस. ८० लाखांचे ५ लाख.

तोटा एकच, लांब्यांवरून जागा काढायची तर आधीच्या सगळ्यांची बेरीज लागते. त्यावर तोडगा म्हणून दर १०२४ रोंना एक मैलाचा दगड: इथपर्यंत किती एलिमेंट झाली तो आकडा, ८ बाइट. १० लाख रोंना ९७७ दगड, आठ हजार बाइटसुद्धा होत नाहीत. कुठलीही रो हवी असली तर जवळच्या दगडापाशी उडी मारायची आणि तिथून जास्तीत जास्त १०२३ लांब्यांची बेरीज. मेमरीत आल्यावर लगेच ऑफसेट करून टाकायचे, कारण तिथे स्पीड हवा. डिस्कवर लांबी, मेमरीत ऑफसेट. क्लिकहाउसने असं का केलंय ते आता हिशोब करून स्वतःला पटलं, नुसतं वाचून पटलं नव्हतं.

१८ जानेवारी

ऑफसेट ३२ बिटचा की ६४ बिटचा. अ‍ॅरोच्या साध्या लिस्टमध्ये ३२ बिट साइन्ड असतो, म्हणजे एका तुकड्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एलिमेंट, त्याच्या पुढे लार्ज लिस्ट घ्यावी लागते. आपण ब्लॉकच्या (एकत्र कॉम्प्रेस करून लिहिलेल्या डेटाच्या तुकड्याच्या) आत ३२ बिट आणि ब्लॉक कुठून सुरू होतो तो आकडा ६४ बिट असं ठेवलं. यात वाद झालाच नाही.

२७ जानेवारी

ब्लॉक कुठे कापायचा. वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम, आठवडा गेला.

साध्या कॉलममध्ये एक रो म्हणजे एक व्हॅल्यू, त्यामुळे ब्लॉक कुठेही कापा, मोजणी एकच. अ‍ॅरेमध्ये मोजण्या दोन होतात, रोंची एक आणि एलिमेंटची एक, आणि माझ्या कोडमध्ये जवळजवळ प्रत्येक फंक्शनला "नंबर" नावाचा एक पॅरामीटर होता ज्याच्यावरून कळायचं नाही की हा कुठला नंबर. आधी मी लांब्यांचे ब्लॉक १०२४ रोंचे आणि व्हॅल्यूंचे ब्लॉक ६५,५३६ एलिमेंटचे केले होते, मग एकच अ‍ॅरे अर्धा एका ब्लॉकमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात. एक रो वाचायला दोन ब्लॉक डिकम्प्रेस करायचे, आणि जोडणीचं कोड इतकं किचकट झालं की मलाच ते दुसऱ्या दिवशी वाचवेना.

पार्केमध्ये पण हा प्रश्न आलेला दिसतो, जुन्या पेजना बंधन नव्हतं पण पेजच्या दुसऱ्या आवृत्तीत, आणि पेज इंडेक्स असेल तरीही, पेज रोच्या सुरुवातीलाच सुरू व्हायला लागतं. तोच नियम घेतला: रो कधीच कापायची नाही. ब्लॉक बंद करायचा ८१९२ रो झाल्या की, किंवा एलिमेंट ६५,५३६ च्या वर गेली की, जे आधी होईल तेव्हा. एखाद्या रोमध्येच पाच लाख एलिमेंट आली तर तो एक ब्लॉक मोठा होईल, होऊ दे.

यामुळे १०२४ वाला मैलाचा दगड गेला, कारण आता ब्लॉकमध्ये किती रो हे ठरलेलं नाही. त्याच्या जागी प्रत्येक ब्लॉकच्या हेडरमध्ये दोन आकडे, पहिली रो कितवी आणि पहिलं एलिमेंट कितवं. ब्लॉकची यादी मेमरीतच असते, त्यात बायनरी सर्च. आणि कोडमध्ये रोनंबर आणि एलिमेंटनंबर असे दोन वेगळे टाइप केले, एकाच्या जागी दुसरा दिला तर कंपाइलच होत नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. हा बदल केल्या केल्या कंपाइलरने तीन जागा दाखवल्या जिथे चुकीचा नंबर जात होता.

४ फेब्रुवारी

बग. नीट लिहून ठेवते कारण हा कुणालाही होऊ शकतो.

"कुठल्या रोमध्ये ३० आहे" या क्वेरीला एंजिनने १ नंबरची रो दिली. ९ जानेवारीचं तेच उदाहरण, आणि १ नंबरची रो तर रिकामी! रिकाम्या अ‍ॅरेत ३० सापडलं म्हणजे काहीतरी मुळातच हललंय.

फिल्टर वेगाने चालावं म्हणून मी व्हॅल्यूंवर सलग एकच लूप फिरवत होते आणि सोबत चालू रो कुठली ते सांभाळत होते. एलिमेंटनंबर पुढच्या रोच्या ऑफसेटला पोचला की रो एकने वाढवायची. ऑफसेट ०, २, २, २, ५. एलिमेंट ० आणि १, रो ०, बरोबर. एलिमेंट २ ला पोचलो, ऑफसेट[१] म्हणजे २, तर रो झाली १, आणि ३० तिच्या नावावर लागलं. खरं तर १ नंबरचीही हद्द २ लाच संपते आणि २ नंबरचीही, म्हणजे तिथे थेट ३ वर जायला हवं होतं. मी "इफ" लिहिलं होतं, हवं होतं "व्हाइल". पुढे तर अजून वाईट, पुढच्या एलिमेंटला रो २, त्याच्या पुढच्याला रो ३, म्हणजे शेवटचं ५० आपोआप योग्य रोवर येऊन बसतं आणि मधली चूक झाकली जाते.

टेस्ट का पकडल्या नाहीत? एक तर माझ्या टेस्टमध्ये रिकामा अ‍ॅरे होता पण तो शेवटच्या रोमध्ये, तिथे पुढे चुकायला काही उरतच नाही. दुसरं, बाकीच्या टेस्ट बेरजा आणि एकूण संख्या तपासत होत्या, आणि एलिमेंट चुकीच्या रोला चिकटलं तरी एकूण बेरीज तीच येते.

"व्हाइल" करून चाललं असतं पण मी लूपच उलटा केला, बाहेर रो आणि आत तिच्या दोन ऑफसेटमधली एलिमेंट. रिकाम्या रोसाठी आतला लूप शून्य वेळा फिरतो, वेगळी काळजी घ्यायलाच नको. स्पीडसाठी आता आधी सगळ्या व्हॅल्यूंवर तुलना करून एक बिटमॅप बनवतो (तिथे रोचा संबंधच नाही, त्यामुळे सिमडी, म्हणजे एका झटक्यात अनेक व्हॅल्यूंवर तीच क्रिया, मस्त चालतं) आणि मग प्रत्येक रोच्या तुकड्यात एखादा बिट चालू आहे का एवढंच बघतो. टेस्टमध्ये रिकाम्या रो सुरुवातीला, मध्ये सलग तीन, शेवटी, आणि अख्खा ब्लॉकच रिकामा, असे सगळे प्रकार टाकले.

९ फेब्रुवारी

बाहेरून अ‍ॅरोच्या रूपात डेटा येतो तो घेताना दोन गोष्टी पाळायच्या. एक, ऑफसेट शून्यापासून सुरू होतीलच असं नाही. कुणी मोठ्या अ‍ॅरेचा मधला तुकडा कॉपी न करता काढला असेल तर ऑफसेट २, २, ५ असे येतात आणि व्हॅल्यूंचा बफर मात्र अख्खा. मी बफर पहिल्यापासून लिहीत होते, सगळं दोन घरं सरकलं. पहिला ऑफसेट सगळ्यांतून वजा करायचा आणि व्हॅल्यू तिथपासून शेवटच्या ऑफसेटपर्यंतच घ्यायच्या. दोन, रो नल असली तरी तिच्या ऑफसेटमधलं अंतर शून्य असेलच असं अ‍ॅरो म्हणत नाही, नलच्या खाली जुना कचरा असू शकतो. लिहिताना नल रोची लांबी सक्तीने शून्य करायची आणि तो माल टाकून द्यायचा, नाहीतर मिन-मॅक्समध्ये (ब्लॉकमधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी व्हॅल्यू) असा आकडा शिरतो जो कुठल्याच रोमध्ये नाही.

१४ फेब्रुवारी

नल आणि रिकामा हा फरक ठेवायचा का, यावर टीममध्ये मोठी चर्चा झाली. क्लिकहाउसमध्ये अ‍ॅरे स्वतः नल असूच शकत नाही, आतलं एलिमेंट असू शकतं, आणि त्यामुळे त्यांचं बरंच काम हलकं होतं. एकाचं म्हणणं आपणही तेच करू, एक बिटमॅप वाचेल.

मी विरोधात होते आणि अजूनही आहे. सेन्सरने "माझ्याकडे आज एकही अलार्म नाही" असं कळवलं आणि सेन्सरने काही कळवलंच नाही, या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत सगळं ठीक आहे, दुसरीत कुणीतरी जाऊन बघायला हवं. दोन्ही रिकामा अ‍ॅरे म्हणून लिहिल्या तर नंतर कुठलीही क्वेरी तो फरक परत आणू शकत नाही. बिटमॅपचा खर्च रोमागे एक बिट, आणि ब्लॉकमध्ये एकही नल नसेल तर तो लिहायचाच नाही. शेवटी सगळ्यांना पटलं.

मग फंक्शनं ठरवली. नलची लांबी नल, रिकाम्याची लांबी ०. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये अ‍ॅरे-लेंग्थ हे फंक्शन रिकाम्या अ‍ॅरेलाही नल देतं, तिथे शून्य हवं तर कार्डिनॅलिटी वापरावं लागतं, आणि नवीन माणूस तिथे हमखास अडकतो, म्हणून आपल्याला ते नको. अ‍ॅरे उलगडून एलिमेंटच्या रो केल्या की नल आणि रिकामे दोन्ही गायब होतात, ते राखणारा दुसरा प्रकारही दिला, स्पार्क या डेटा एंजिनमध्ये एक्स्प्लोड आणि एक्स्प्लोड-आउटर आहेत तसा.

२३ फेब्रुवारी

ब्लॉक न वाचताच सोडून देण्याचं काम. या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेला भाग.

प्रत्येक ब्लॉकसाठी एलिमेंटचं मिन-मॅक्स आणि लांब्यांचं पण मिन-मॅक्स ठेवतो. "यात ७ आहे का" विचारलं आणि ब्लॉकची एलिमेंट २० ते ९० असतील तर ब्लॉकला हात लावायचा नाही. "किमान एक टॅग आहे का" विचारलं तर फक्त लांब्यांची फाइल वाचायची, व्हॅल्यूंची उघडायचीच नाही. कॉमावाल्या स्ट्रिंगमध्ये हाच प्रश्न सगळ्यात महाग होता आणि आता सगळ्यात स्वस्त झाला.

पण "सगळी एलिमेंट ५ पेक्षा मोठी आहेत का" यापाशी थांबले. ब्लॉकचं मॅक्स ३ असेल तर एकही एलिमेंट ५ च्या वर नाही, म्हणजे ब्लॉक सोडून द्यावा असं हात आपोआप लिहून जातो. चूक! रिकाम्या अ‍ॅरेत एकही एलिमेंट नाही, त्यामुळे अट मोडणारंही एलिमेंट नाही, आणि "सगळी मोठी आहेत" हे त्याच्यासाठी खरं ठरतं. ब्लॉक सोडला तर तेवढ्या रो उत्तरातून निसटणार. म्हणून "सगळी" वाल्या अटीत ब्लॉक तेव्हाच सोडायचा जेव्हा लांबीचं मिनसुद्धा ० पेक्षा जास्त आहे. त्यात अजून एक मेख, नल रोची लांबी आपण ० लिहितो, ती या मिनमध्ये धरायची नाही, नाहीतर एका नलमुळे अख्खा ब्लॉक उगाच वाचला जातो. ६ जानेवारीला ठळक लिहिलेली ती ओळ आज परत वाचली.

१ मार्च

स्ट्रिंगचे अ‍ॅरे. टॅग तेच ते परत येतात म्हणून ब्लॉकमागे डिक्शनरी (वेगवेगळ्या टॅगची नंबर दिलेली यादी), अ‍ॅरेमध्ये फक्त त्यातले नंबर. टॅग शोधताना डिक्शनरीत एकदाच बघायचं, नसेल तर ब्लॉक तिथेच सोडायचा, असेल तर पुढे इंटिजरची तुलना. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असेल तर लांब्यांच्या दोन पातळ्या, बाहेरची लांबी आतल्या अ‍ॅरेंची संख्या सांगते आणि आतली एलिमेंटची, कोड तेच परत स्वतःला बोलावतं. नाव आणि मूल्य अशा जोडीच्या अ‍ॅरेंना लांब्यांची एकच फाइल, क्लिकहाउसच्या नेस्टेडसारखी, आणि लिहिताना दोघांची लांबी जुळली नाही तर लिहिणंच नाकारायचं.

ठरलेल्या लांबीचे अ‍ॅरे (उदाहरणार्थ ४ बाइटच्या १२८ फ्लोटचा व्हेक्टर) हा वेगळा टाइप केला. तिथे लांब्या लागतच नाहीत, i नंबरची रो i गुणिले ५१२ बाइटवर. डकडीबी या डेटाबेसमध्येही लिस्ट आणि अ‍ॅरे असे दोन निराळे टाइप आहेत ते यासाठीच.

८ मार्च

जुना डेटा नव्या कॉलममध्ये ओतला. कच्च्या लॉग फाइल शिल्लक आहेत तिथला डेटा तिथूनच परत वाचला, त्यामुळे टॅगमधल्या कॉमाचा प्रश्न सुटला. ओतून झाल्यावर तीन गोष्टी जुळवल्या: रोंची संख्या, लांब्यांची बेरीज आणि व्हॅल्यूंची संख्या एकच आहे का, आणि प्रत्येक रोसाठी रो नंबर व टॅग मिळून काढलेला हॅश (मजकुराचा ठसा असावा तसा आकडा). तिसरी तपासणी ४ फेब्रुवारीच्या बगसाठीच आहे, पहिल्या दोन्हींतून तो निसटला असता.

कच्च्या फाइल नाहीत अशा जुन्या रो उरल्या. त्यात रिकामी स्ट्रिंग आहे, आणि ती "टॅग नव्हते" म्हणून आली की "टॅग आलेच नाहीत" म्हणून, हे आता कुणीच सांगू शकत नाही. रिकामा अ‍ॅरे लिहिला असता तर रिपोर्ट जास्त भरलेले दिसले असते. मी तिथे नल लिहिलं आणि कॉलमच्या वर्णनात कारण नोंदवलं.